कोऱ्या पानाचं नरसाळं

४ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

मी घरी येणार नाही. रागावण्याआधी कारण ऐक.

तुझं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून आम्ही ते तेलकट द्रावणात विरघळवून देतो. विरघळलेलं असेल तरच आतडं ते शोषून घेतं. गेल्या महिन्यात कारखान्यात त्या द्रावणात पांढरे कण दिसले. औषध तेच, पण रेणू वेगळ्या रीतीने एकमेकांना बिलगलेले, आणि ते पोटात काही केल्या सुटत नाहीत. गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. त्या कणांची नुसती धूळ पडली तरी चांगलं द्रावण विरजण लागावं तसं बिघडतं. प्रयोगशाळेतले आम्ही तिघं दुसऱ्या कारखान्यात गेलो. तिथे औषध नीट होत होतं. आम्ही परतलो आणि तिथेही कण पडले. केसांत नेलं की चपलांत, देव जाणे. आता चांगलं औषध कुणालाच करता येत नाही.

तुझ्याकडे जुन्या खेपेच्या दोन बाटल्या आहेत. त्या असेपर्यंत मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.

प्रयोगशाळेतच, तराजूशेजारी कागद ठेवून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. लोभ आहेच, तो विरघळू देऊ नये.

तुझी,
ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

यजमानांनी पाहुण्यांना टाळल्याचं ऐकलं होतं. पाहुणीनेच रेणूंची सबब सांगितलेली प्रथमच पाहिली. तुझी वहिनी म्हणते, दारातूनच तोंड दाखवून जा म्हणावं.

तिचं मूत्रपिंड माझ्यात सुखाने नांदतं आहे. फक्त औषध चुकलं तर ते माहेरी जायची धमकी देतं, अगदी मालकिणीसारखं. एक बाटली संपली, दुसरी काल उघडली. दुपारचा डोस दुकानात लागतो म्हणून छोट्या कुपीत ओतून नेतो. नरसाळं सापडेना. वहिनी म्हणाली, घड्याळातला केसाएवढा स्क्रू दिसतो, घरातलं हाताएवढं भांडं दिसत नाही. शेवटी तुझ्या पत्रामागच्या कोऱ्या पानाचं नरसाळं वळलं. थेंबही सांडला नाही. आता ते बाटलीच्या तोंडातच ठेवलं आहे. तुझी पत्रं अशी कामाला येतात, तेव्हा लिहीत जा.

दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

तो कागद काढ. ताबडतोब. तो माझ्या टेबलावर होता. मी यायचं टाळलं आणि पत्र मात्र तिथे बसून लिहिलं. बाटली उजेडात धरून बघ आणि लगेच कळव. हे पत्र टपालकचेरीत उभ्याने लिहिते आहे. तरी ते बाटलीजवळ नेऊ नकोस.

ठमी

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र येण्याआधीच बाटलीच्या तळाला पिठीसाखरेसारखं काही दिसलं होतं. मी बाटली गरम पाण्यात धरली. कण गेले, जीव भांड्यात पडला. सकाळी दुप्पट होते. ह्यांनी तेच हलवून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध उतरतच नाही. दुसरं औषध ह्यांना मागेच सोसलं नव्हतं. पायांवर सूज आहे. चपला घालता येत नाहीत, म्हणून दुकान बंद. मी फडक्यातून गाळून देऊ का? की खाली जे बसलंय तेच औषध आहे? तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारते. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
वहिनी

४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी रोज टपालवाल्याची वाट पाहते. तिला मी सांगितलं की तू कामात आहेस.

जन्मभर लोकांच्या घड्याळांतली धूळ काढली. ती कुणाच्या खिशातून आली, हे गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. कागद मी वळला, हात माझे होते. नरसाळं कागद काढला त्याच दिवशी सापडलं, माझ्याच खुर्चीखाली. यावर वहिनी काय बोलली असेल ते तूच समज.

मूत्रपिंड आता नांदायला नको म्हणतं आहे. वहिनी त्या बाजूला हात ठेवून बसते. समजूत त्याची घालते की माझी, कळत नाही.

तू ये. केस धुवायला थांबू नकोस, त्याच चपला घालून ये. आता इथे तुझ्यामुळे बिघडेल असं काही उरलेलं नाही.

तुझा,
दादा