मावशीने दाखवलेली उंची

५ जुलै
मसुऱ्यापलीकडच्या या वाडीत आले आणि जीव रमला. इथल्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आजवर कुणी मोजलेलं नाही, म्हणून पुराच्या नकाशासाठी मीच घरोघर विचारणार. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं ते माणसं अंगावर हात लावून दाखवतात, मी टेप धरते. मुक्काम तुळसामावशीकडे. शाळा तिच्या अंगणाला लागून, एकाच पातळीत. मावशी मला हसली, "पाणी मोजूक इलंस? शेवग्याची शेंग खाऊन घे आधी!"

७ जुलै
बावीस घरं झाली. बाकी वाडीत छाती, शाळेच्या बाजूला मात्र सगळे गुडघाच दाखवतात. एकट्या मावशीने हात डोक्यावर उंच धरला. सासूने म्हणे तसा दाखवला होता, फार जुन्या पुराचा. ऐकीव गोष्टीवर नकाशा होत नाही. तो आकडा गाळला. शाळा सुरक्षित दाखवून नकाशा तालुक्याच्या साहेबांना पाठवला.

९ जुलै
दोन दिवस पाऊस नाही, तरी माझ्या खोलीच्या भिंतीवर गुडघाभर ओल आली आहे. वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. मासळी घेऊन आलेल्या याकूबचाचांनी ती बोटाने चाचपली. मागच्या पुराआधीही ही भिंत भिजली होती, आणि पाणी बरोबर तिथवरच आलं, असं जाताना सांगून गेले. मला हसू आलं. पण नीट नाही आलं.

१० जुलै
ओल कंबरेला. चाचांचं कुटुंब डोंगरावर गेलं. साहेबांना फोन करून ओलीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या यंत्राने मोजलंस?

११ जुलै
ओल माझ्या गळ्याशी. सकाळपासून धो धो. माझ्या नकाशाप्रमाणे माणसांना शाळेत आणताहेत. मावशी डोंगरावर निघाली होती, ती माझ्यासाठी थांबली. "तू काढलंस मां नकाशो, मगे खरो आसतलो." मी तिचा आकडा गाळला, हे सांगायला हवं होतं. लाज वाटली. तिचं गाठोडं उचलून शाळेत नेलं —

१२ जुलै
शाळेतच आहे. एक्केचाळीस माणसं. ओल आता वर्गाच्या भिंतीवरही — फळ्याच्या वर. सगळ्यांना ओरडून सांगितलं, डोंगरावर चला — रस्ता राहिला नाही. मावशीलाही सांगितलं, सगळं. ती रागावली नाही. का नाही रागावली —

पाणी बाकांवर. मी खिडकीत. मावशी भिंतीला पाठ लावून उभी, सासूने दाखवला तसा हात वर — टाचा उंचावल्यात — ओलीपर्यंत तिचा हात पुरत ना