अकरा दिवसांचा आकडा

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा सोमवारी पोहोचला. माझी प्रकृती बरी आहे. डाव्या गुडघ्याची तक्रार आहे, पण तिची दखल घेणारे घरात कोणी नसल्याने तीही आताशा गप्प असते. तुझ्या ताईला जाऊन सात महिने झाले. तिचे कपाट अजून आवरलेले नाही. बाकी घर नीट चालले आहे.

सहीला उशीर झाला म्हणून तू फोनवर चेष्टा केलीस. "भाऊजी, सही करायचीय, विहिरीत उडी नाही मारायची!" विनोद चांगला होता. मला हसायला वेळ लागला, एवढेच.

मसुदा मी चार वेळा वाचला. भाषा नेटकी आहे. अणुवीज केंद्राची मुदत वीस वर्षांनी वाढवावी की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे तिथल्या निवृत्त सुरक्षा अधिकाऱ्याचे निवेदन असावे, ही तुझ्या मंत्रालयाची अपेक्षाही समजण्याजोगी आहे. तिसऱ्या परिच्छेदातील 'निश्चितपणे' हा शब्द अनावश्यक आहे. पाचव्या परिच्छेदाविषयी थोडे लिहायचे आहे.

तिथे तू माझ्या तोंडी घातले आहेस: 'माझ्या दिवंगत पत्नीने या केंद्राच्या लॉन्ड्रीत सोळा वर्षे काम केले. तिच्या किरणोत्साराच्या नोंदीने एकदाही मर्यादा ओलांडली नाही.'

वाक्य खरे आहे. नोंद मीच ठेवत असे.

ती वार्षिक दुरुस्ती तुला आठवत असेल. तू मंत्रालयात नवा होतास. दुरुस्तीसाठी अणुभट्टी पंचेचाळीस दिवस बंद राहते, ती अठ्ठावीस दिवसांत सुरू करा, उन्हाळ्यात वीज कमी पडता कामा नये, असे परिपत्रक आले. त्याखाली तुझी सही होती, पहिलीच. ताई ते फलकावर वाचून दिवसभर लॉन्ड्रीत मिरवत होती. "माझ्या भावाचं पत्र आहे गं, आमच्या साहेबांनासुद्धा घाम फुटलाय!"

भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे कपडे रोज तिथे धुवायला येत. चौघी बायका होत्या. प्रत्येकीच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बॅज असे. आकडा मर्यादेपाशी आला की उरलेले वर्ष त्या बाईला त्या कामावरून दूर ठेवायचे, असा नियम. सतराव्या दिवसापर्यंत तिघी दूर झाल्या. उरली ताई, आणि तिचाही आकडा काठावर आला होता. कपडे धुतले गेले नसते तर दुरुस्ती थांबली असती.

बॅज खणात ठेवून काम करण्याची युक्ती माझी नव्हे. वेल्डर, फिटर सर्रास करीत; मर्यादा भरली की काम सुटते. पकडलेल्या प्रत्येकाला मी लेखी ताकीद दिली होती. त्या तिघींनाही मी नियमाप्रमाणेच दूर केले, कारण परक्या बाईने तक्रार केली असती. घरचे माणूस तक्रार करीत नाही.

तिला बॅज काढून ठेवायला मी सांगितल्यावर ती हसली. "म्हणजे मी कामावर आणि बॅज रजेवर! त्याची रजा मंजूर कोण करणार?"

"मी," असे मी म्हणालो.

अकरा दिवस बॅज माझ्या टेबलाच्या खणात होता आणि चौघींचे काम ती एकटी करीत होती. महिनाअखेरीस बॅजवर जो आकडा आला, तो मी सुवाच्य अक्षरात नोंदवला. अठ्ठाविसाव्या दिवशी भट्टी सुरू झाली. तुला बढती मिळाली, मला प्रशस्तिपत्र. ताईने दोघांचेही कौतुक केले.

रक्ताचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नोंदी मागवल्या. मी नेऊन दिल्या. ते म्हणाले, "आकडे तर अगदी सुरक्षित आहेत. कामाशी संबंध नसावा." ताई खाटेवरून म्हणाली, "ह्यांचे आकडे कधी चुकत नाहीत हो, डॉक्टर." तो टोमणा होता की माया, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी नोंदींची फाइल बंद केली.

त्या अकरा दिवसांमुळेच ती गेली, असे मी म्हणत नाही. कदाचित तसे नसेलही. ज्यावरून ते कळले असते, तो आकडाच मी होऊ दिला नाही.

तुमच्या नव्या ऊर्जा धोरणात दुरुस्तीला चोवीस दिवस दिले आहेत. हे चार दिवस कोणाच्या बायकोच्या अंगावरून वाचवायचे, त्याचा परिच्छेद मला सापडला नाही.

मसुदा सही न करता परत पाठवत आहे. वरील सर्व हकीकत, परिपत्रकाच्या प्रतीसह, काल समितीच्या अध्यक्षांना नोंदणीकृत टपालाने रवाना केली. त्याने तुझ्या नोकरीला बाधा येईल. याची मला जाणीव होती. पण हात थांबला नाही. माझ्यावर खटला झाल्यास माझ्यासाठी वकील पाहू नकोस.

गुरुवारी समितीपुढे भेट होईल. तिथे मला भाऊजी म्हणून हाक मारू नकोस. ते नाते तिच्यामुळे होते.

आपला,
निवृत्त सुरक्षा अधिकारी