हायड्रोफोबियाचा अर्थ

४ जानेवारी
सोलापूर गाठलं एकदाचं! जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. भरपूर ऊन, खाली घरमालकीण वैजयंतीबाई आणि त्यांची सात वर्षांची पायल. नर्सिंग कॉलेजात वैद्यकीय शब्दांची ग्रीक मुळं शिकवायची आहेत. इथल्या मुली नुसती घोकंपट्टी करतात. पुण्याहून कोणीतरी यायलाच हवं होतं. शेंगाचटणी मात्र झकास.

१२ जानेवारी
गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लाने पायलच्या पोटरीवर आणि माझ्या मनगटावर ओरखडे काढले. रक्त जेमतेम थेंबभर. तेवढ्यावर बाईंचे वडील गुरप्पा, मंद्रूपला जन्मभर मेंढरं राखलेले, फोनवर ओरडले, "नखाला बी सुई लागती की! आजच न्हे दोघास्नी!" म्हातारा मला शिकवणार! मी बाईंना समजावलं. रेबीजचंच दुसरं नाव हायड्रोफोबिया. ग्रीकमध्ये 'हुदोर' म्हणजे पाणी, 'फोबोस' म्हणजे भीती. पाण्याची भीती वाटली तर सुईचं बघू. पायलला पेला दिला, गटागटा प्यायली. झालं निदान! बाईंनी हात जोडले. अडाण्यांना एक ग्रीक शब्द पुरतो.

१७ जानेवारी
पिल्लू मेलं. थंडीने, दुसरं काय. गुरप्पांचा पुन्हा फोन आला. बाई म्हणाल्या, सर सांगतात तेच खरं.

२६ फेब्रुवारी
मनगटाला मुंग्या येतात, अंगात कणकण. वर्गात आज नेमका 'हायड्रोफोबिया' हाच शब्द होता. राजनंदिनी नावाची मुलगी म्हणाली, लक्षणं दिसल्यावर सुईचा उपयोग नसतो, ती आधीच घ्यावी लागते. धड मुळं येत नाहीत आणि शंका काढते! वर्गाबाहेर घालवली.

२८ फेब्रुवारी
चहा घशाखाली उतरला नाही. पंख्याचा वारा लागला तरी घसा आवळतो. सर्दी असेल. असेलच.

१ मार्च
पेला ओठांशी नेला — हाताने आपोआप भिरकावला. पण ही भीती नव्हे! तहान आहे, मरणाची तहान — नळ वाजला तरी घसा — ग्रीकांनी नावच चुकीचं ठेवलं. मूर्ख लेकाचे.
नाही. मूर्ख मी. ती पोरगी बरोबर होती.

२ मार्च
बाई तांब्या घेऊन आल्या. मी किंचाळलो, त्या पळाल्या. शब्द फुटत नाही, नुसती लाळ —
बाई, हे वाचा. पायल पाणी पिते म्हणून गाफील राहू नका. मी खोटं सांगितलं. तिला अजून वेळ आहे — रिक्षा करा, आजच सुई —
खालून बाईंचा आवाज येतो. पायलला विनवताहेत, दोन घोट तरी घे की गं, सकाळपासून दूध नुसतं थुंकाय लागलीस —