विनंत्या शेवटी घेतात

रविवार, संध्याकाळ

किळस आली आज. आमची प्रार्थनासभा, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. देवाचं राज्य आलेलं आहे की यायचं आहे, यावर दीड तास वाद.

मासे विकणाऱ्या शांताबाईने आल्याआल्या मला सांगितलं, मुलीला रक्त हवंय, कोणी देईल का? मी म्हटलं, "प्रार्थनेच्या विनंत्या शेवटी घेतात, तेव्हा सांगा." मी असं म्हटलं! का?

आणि मग मीही बायबलमधली वचनं शोधत बसले, वाद जिंकायला.

शेवटी तीच उठली. "जातो जी ताई. तुमचं राज्य येईन तवा येईन, माई पोरगी दवाखान्यात एकटी हाय."

पाळक म्हणाले, "पाच मिनिटं थांबा, बाई."

ती बसस्टॉपवर उभी असेल, तेव्हा आम्ही आत डोळे मिटून तिच्या मुलीसाठी प्रार्थना करत होतो. आमेन मीच मोठ्याने म्हटलं.