चंद्रे, सखूला दुसरं पाणी कुणी शिकवलं?

गो चंद्रे,

आईनं बोलावलेल्या भगताला आज मी दारातूनच परत पाठवलं. मागल्या आंब्याला खिळा ठोकून तो तुला बांधणार होता. आई आता माझ्याशी बोलत नाही. मग मी बोलू कुणाशी? म्हणून तुला लिहितो. तुला वाचता येत नव्हतं. आता येतं का गो?

तू बाळंतपणात गेलीस, बाळही गेलं, आणि वर्ष सरायच्या आत आईनं माझं दुसरं लग्न लावलं. सखू वरच्या वाडीतली. आपल्या घरी येईपर्यंत तिनं चहा चाखलासुद्धा नव्हता! घाट चढायच्या आधी मोटारवाले अजून आपल्याच चहाच्या दुकानात थांबतात. तुझ्यामागे मात्र ते पहिल्या कपावरच उठायला लागले.

अख्ख्या पत्तीचा, बिनदुधाचा चहा करायला मी महाबळेश्वरला साहेबाच्या बंगल्यात कामाला असताना शिकलो. पण त्याच पत्तीतून दुसऱ्यांदा चव काढावी ती तूच. मी ओतलं की नुसतं पिवळं पाणी. तू हसायचीस. "पयलं पाणी किटलीत थेंबभर बी ठेवू नका, पत्ती त्यात बसली की कडू होते. झाकण कलतं ठेवा. दुसरं पाणी खळखळतं हवं, नि जरा जास्त दम धरा." किती दम? तर तुझ्या माहेरची एक ओवी तू पुटपुटायचीस, ती संपेपर्यंत. मला कधी नीट ऐकूही दिली नाहीस!

श्रावणात भर दुपारी धुकं अंगणात उतरलं होतं. सखूनं दुसऱ्या पाण्याचा कप पुढं केला. मी एक घोट घेतला. तीच चव! आणि चुलीपाशी सखू तुझ्याच चालीत तीच ओवी पुटपुटत होती.

"कुणी शिकवलं तुला?"

"मागल्या दारच्या बाईनं."

"कोण बाई?"

"हिरव्या लुगड्यातली. रोज येते. आत बोलावलं तर नको म्हणते. तुमच्या नात्यातली नाय?"

हिरवं लुगडं! तुला त्यातच नेलं होतं. मी मागल्या दारी धावलो. गवत ओलं होतं, पण एक पातंसुद्धा दबलेलं नव्हतं.

सखूला खरं सांगितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मंग काय झालं? माझं ती काय वाईट करीत नाय."

आता सखूला दिवस गेलेत. म्हणून आई घाबरली, म्हणून भगत आला. सखू त्याच्या आडवी उभी राहिली. "तिला बांधलंत तर मी माहेरी जाईन."

मला का दिसत नाहीस गो? रोज दुपारी मीही त्या दारात उभा राहतो. धुक्याशिवाय काही नसतं. सवतीशी बोलतेस, आणि माझ्याशी एक शब्द नाही?

भगत गेल्यावर सखू जवळ आली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता. "आज ती चहाचं काय बोलली नाय. कितवा महिना, येवढंच इचारलं."

चंद्रे, मी असेपर्यंत तुला कुणी बांधणार नाही, हा माझा शब्द. सखूचे दिवस भरतील तेव्हा मागलं दार उघडं ठेवीन. आत ये. तिच्या उशाशी बस, तिला धीर दे.

जाताना मात्र एकटीच जा.

तुझा,
धोंडू