कुलूपबंद बॅगेतल्या कवळ्या

३ तारीख, सोमवार

उजव्या बॅगेतला एक डबा गेला.

सकाळी दातांच्या कारखान्याच्या मागच्या अंगणात मी माझ्या हाताने सात बंद डबे भरले, एका डब्यात एक कवळी. गाडीच्या उजव्या बॅगेत चार, डावीत तीन. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या फाटकाशी बॅग उघडली तर उजवीकडे तीनच. बक्कल जिथल्या तिथे. मी तिथल्या तिथे बॅग उलटी केली, झटकली. धूळ पडली नुसती.

नऊ वर्षं दवाखान्यांतून जबड्याचे साचे आणते आणि तयार दात परत पोचवते. नऊ वर्षांत साधी चिठ्ठी हरवली नाही माझ्याकडून.

कवळी एका शिक्षिकेची. वर दवाखान्यात बाकावर बसलेली, तोंडावर रुमाल. म्हणाली, "उद्यापासून शिकवायला येते असं शाळेत सांगून आले हो."

दवाखान्याचं दार उघडलंय का बघायला मी आधी वर जाते, मग डबे घ्यायला खाली येते. तेवढी पाच मिनिटं गाडी फाटकाशी. आणि फाटकाशी कोण? वॉचमन.

४ तारीख, मंगळवार

बॅगा शिवणाऱ्याकडे गेले. त्याने बॅग हातात घेतली आणि हसला. "बाई, हे बक्कल म्हणजे चोराला या बसा म्हणणं झालं." चेन बंद असली तरी पेनाचं टोक दातांत खुपसलं की उघडते म्हणे. करून दाखवलं. परत ओढून बंद पण करून दाखवली — काही कळत नाही! इतकी वर्षं मी देवाच्या भरवशावर फिरत होते.

दोन्ही बॅगांना जोडणारा पट्टाही नुसता सीटखालून घातलेला. कोणी दोन्ही उचलून खांद्यावर टाकून गेला असता तर? पट्ट्यात तार घालून घेतली आणि मडगार्डच्या पत्र्याला नटबोल्टने आवळला.

५ तारीख, बुधवार

वॉचमन आज बॅगेला हात लावून उभा होता. विचारलं तर म्हणतो, "ऊन लागतंय म्हणून गाडी सावलीत सरकवत होतो." आली मोठी माझी काळजी.

१० तारीख, सोमवार

दुसरा डबा गेला. परत बाईंचाच.

कारखान्याचे मालक स्वतः दवाखान्यात आले माफी मागायला. बाईंसमोर मला म्हणाले, "आणखी एक गेला तर ही फेरी मी दुसऱ्याला देईन. माझा नाइलाज आहे." मान खाली घालून ऐकलं. या फेरीवर माझं घर चालतं, आईची औषधं चालतात. गाडी चालवण्याशिवाय मला येतं काय? चौथीत शाळा सुटली.

खाली आले तर वॉचमन म्हणतो, "ताई, दुसऱ्याचे दात चोरून कोणी काय चावणार?" आणि हसला. माझा पारा असा चढला! म्हटलं, "ते तुम्हालाच ठाऊक." हसणं बंद झालं त्याचं.

कवळी विकत कोण घेणार हे माझ्याही डोक्यात येतं. पण चोर डबा बघून नेतो. आत काय ते नंतर.

११ तारीख, मंगळवार

चेनीच्या दोन्ही टोकांतून जाईल असं पितळी कुलूप आणलं, एक उजवीला, एक डावीला. बॅगेच्या आतून जाळीची तार लावून घेतली, ब्लेडने कापली तरी हात आत जाणार नाही. सायलेन्सरच्या बाजूने पत्रा. शिवणारा म्हणाला, "आता तिजोरी झाली की." गाडी वळवताना उजवीकडे कलते, पण कलू दे.

किल्ल्यांची एक जोडी माझ्या गळ्यात. दुसरी मामांकडे दिली. मी कुठे पाडली तर असावी. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, कारखान्यातले जुने कारागीर. मला इथे त्यांनीच चिकटवलं. बाईंचं बारीक काम तेच करतात, दुसऱ्या कोणाला जमत नाही. किल्ली घेऊन खिशात टाकली. मामा बोलतच नाहीत फार.

१३ तारीख, गुरुवार

सगळे डबे पोचले. काल पण पोचले. बघते ना मी.

१४ तारीख, शुक्रवार

तिसरा गेला. कुलूप शाबूत! तार शाबूत, चेन शाबूत.

मग डोकं फिरलं माझं. फाटकातच ओरडले. वॉचमनला म्हटलं, "खिसे दाखवा. खोली दाखवा. कुलपाला काय लावता तुम्ही?" माणसं जमली. त्याने खिसे उलटे केले — तंबाखू, चष्मा आणि बसचं तिकीट. म्हणाला, "ताई, अकरा वर्षं आहे मी इथे." मी म्हटलं, "अकरा वर्षं कोणी बघितलं नव्हतं तुमच्याकडे."

बाई खाली आल्या. मालकांना फोन. संध्याकाळी कळलं, वॉचमनला काढला.

फेरी वाचली माझी. मालक म्हणाले, "चोर सापडला, आता नीट करा काम." जेवताना मामा आलेले. आईने सगळं त्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. मामा ताटातलं चिवडत बसले.

१७ तारीख, सोमवार

नवा वॉचमन. पोरगेला. गाडीकडे बघतसुद्धा नाही.

तरी मला चैन नाही. कुलूप शाबूत ठेवून त्या जुन्याने काढलं कसं? पेनने चेन उघडते, पितळी कुलूप नाही उघडत. काहीतरी राहतंय माझं. उद्या कुलूप लावल्यावर कडीतून हिरवा दोरा बांधायचा, दोन गाठी. कोणाला सांगायचं नाही. आईलाही नाही.

१८ तारीख, मंगळवार

लिहावं की नाही.

रोज मी अंगणात डबे भरते, मोजते, कुलूप लावते आणि यादीवर सही घ्यायला पुढे मालकांच्या टेबलाशी जाते. दहा मिनिटं जातात, फोनवर असले तर पंधरा. आल्यावर गाडीला किक. परत कधी मोजलं नाही. कुलूप लावलंय ना, मग काय मोजायचं?

आज सही घेऊन आले तर उजवीचा दोरा तुटलेला. गाडी जागची हललेली नाही. कुलूप बंद. उघडून मोजले — चारातले तीनच.

अंगणात दार एकच उघडतं, मामांच्या टेबलाजवळचं.

मी सरळ आत गेले आणि त्यांच्या टेबलाचा खण ओढला. मामा "अगं, अगं" म्हणेपर्यंत उघडला. चार डबे. प्रत्येकावर बाईंच्या नावाची चिठ्ठी. शिक्षिकेच्या कवळीला मधोमध तडा. एकीचे पुढचे दोन दात घासून निम्मे झालेले. आजचीचा तर टाळूच फाटलेला.

मामांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. म्हणाले, "हात ऐकत नाहीत गं आता. पॉलिशच्या चाकावर धरलं की उडतात. दिलेल्या दिवशी डबा गेला नाही तर मालक विचारणार. म्हटलं रस्त्यात गेला म्हणतील, दुसरी करायला दिवस मिळतील."

"आणि माझी फेरी?"

"तुझ्यावर कोण संशय घेणार?"

"आणि वॉचमन? शुक्रवारी माझ्या घरी बसून जेवलात. तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

खण आत ढकलून म्हणाले, "उद्या सांगतो मालकांना. मला सांगू दे."

बरं म्हटलं. मामाच आहेत.

१९ तारीख, बुधवार

सांगितलं नाही.

२० तारीख, गुरुवार

आजही नाही. म्हणे पोट दुखतंय. आईला कसं कळलं कोण जाणे, सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र बोलतायत.

वॉचमनचं घर शोधून काढलं. बायकोने दार उघडलं, मी कोण ते सांगितलं, तिने लावलं.

२२ तारीख, शनिवार

मीच मालकांना सांगितलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "मला माहीत आहे हो बाई. दुसऱ्या डब्यालाच कळलं होतं. माल बिघडला म्हटलं की दवाखाना तुटतो, चोरीला गेला म्हटलं की थांबतात. फेरी तुमचीच आहे, जा आता."

अंगणात जाऊन नटबोल्ट सोडवले. दोन्ही बॅगा आणून त्यांच्या टेबलावर ठेवल्या, किल्लीसकट. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मामांचं, मालकांचं. फाटकात ओरडले ते माझंही.