बिराजदार सरांचं देहदान

११ एप्रिल, लातूर
विभागप्रमुखांनी नवी फाईल टेबलावर आणून ठेवली. पहिल्या वर्षाला वैद्यकाचा इतिहास, पेशंट माणूस म्हणून कसा बघायचा, असलं काही शिकवायचं म्हणे. "तुम्हाला वाचनाची आवड आहे, मॅडम." म्हणजे जिम्मा माझा. इतकी वर्षं ॲनाटॉमी शिकवून राहिले. फॉर्मलीननं डोळे चुरचुरतात, गुडघे गेले. आता इतिहास.
बिराजदार सरांना फोन लावला, एक तास घ्याल का म्हणून. मला ॲनाटॉमी त्यांनीच शिकवली, इथंच. रिटायर झाल्यापासून नांदेडला असतात. "येतो की," म्हणाले. आवाज खोल गेलाय.

१९ एप्रिल
सर एस.टी.नं आले. मुलाची डाळ मिल लातुरातच, पण त्याला कळवलं नव्हतं.
पोरांनी मोबाईल खाली ठेवून ऐकलं. आधी फाशी गेलेल्यांची प्रेतं फाडायचे, मग बेवारस मेलेल्यांची. स्टेशनवरचे, दवाखान्याच्या व्हरांड्यातले. "आम्ही ज्यांच्यावर शिकलो ते सगळे गरीब. त्यांना कुणी विचारलं नव्हतं."
एका मुलीनं विचारलं, मग आता काय करायचं, सर?
"ज्याला विचारता येतं, त्यानं हो म्हणायचं."
नंतर चहा पिताना माझ्याकडं देहदानाचा फॉर्म मागितला. दिला.

२ मे
सरांचा मुलगा महेश विभागात आला. भांडला नाही. फॉर्मचं त्याला कळलं होतं. ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन.
"मॅडम, बाप तिकडं टेबलावर आडवा, अन् मी समाजात काय तोंड दाखवू? तुमचं ऐकतात ते. सांगा की."
सांगते म्हणाले. सरांना फोन केला नाही. आज नको, उद्या. अंगात त्राण नाही, आणि कुणाच्या बाजूनं बोलायचं तेच...

७ जून
सकाळी सरांच्या घरून फोन. काकू होत्या, सरांच्या पत्नी. "उज्ज्वला, सर गेले. गाडी पाठव."
मागं महेशचं रडणं ऐकू येत होतं, आई नको, आई नको. काकू त्याला म्हणाल्या, "सही करताना त्यांनी मला विचारलं होतं. मी हाव म्हणले. आता पलटू का?"
दुपारी गाडी आली. सरांच्या कपाळावर भस्म. काकू ड्रायव्हरशेजारी. सरांचं इष्टलिंग त्यांनी आपल्याच गळ्यात घातलं होतं, स्वतःच्या इष्टलिंगाजवळ. उतरल्या न् म्हणाल्या, "पोरांचं शिकून झालं की जे उरंल ते मला परत दे. मी पुरते."
हो म्हणून टाकलं. असं कुणाला देतात का, माहीत नाही.
महेश गेटपाशीच थांबला.

८ जून
शरीर टिकायला औषध भरावं लागतं. मीच भरते, असं काल सगळ्यांना सांगितलं होतं. मांडीची धमनी शोधायला हात नेला आणि जमलं नाही. ज्युनियरनं केलं. मी बाहेर नळाखाली हात धूत उभी. हात स्वच्छच होते.

२४ जुलै
काकूंचं बोलणं विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. असा नियम नाही म्हणाले. "एकाला दिलं की सगळे मागतील." मागू देत की. डीनना पत्र लिहिलं. परीक्षेचं काम, हजेरीचं काम, त्यात हे. संध्याकाळी घरी जाऊन नुसती पडले.

१८ नोव्हें.
सरांवर डिसेक्शन सुरू झालं. नवी बॅच. टेबलावर कोण आहे ते यांना माहीत नाही. नाव सांगायचं नसतं, सांगितलं नाही.

२६ नोव्हें.
काकू आल्या. महेशनं कारमधून गेटवर सोडलं. आत बघायचं म्हणाल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसल्या. "इतकी वर्षं इथं नोकरी केली त्यांनी, मी एकदाबी आले नव्हते."
आतून पोरांचा आवाज येत होता. कुणीतरी हसलं. मी दटावायला उठले तर काकूंनी हात धरला. "हसू दे. त्यांना गप्प वर्ग लई जड जायचा."
मग हळूच, "कुठवर आलंय?"
"हात."
त्या पदराचं टोक चोळत राहिल्या. "परत देण्याचं विचारलंस का?"
"विचारलंय. बघू म्हणतात."
"बघू म्हंजे न्हाई नसतं."
त्यांना कारपर्यंत सोडायला गेले. महेश खाली उतरला नाही. काच खाली केली, समोर बघतच म्हणाला, "पोरं नीट वागतात ना त्यांच्याशी?"
"वागतात."
"मग जागा बघून ठेवू का, मॅडम? पुरायला."
डीनकडून अजून उत्तर नाही. तरी मी ठेवा म्हणाले.